अठराच्या आत: पैशाची प्रयोगवही

पात्रता

उमेदवाराचं वय सतरा पूर्ण आणि अठरा अपूर्ण असावं. तो उदगीरचा रहिवासी असावा, किंवा देवणी-जळकोटकडून येऊन उदगीरला खोली करून राहणारा असावा. शाखा कोणतीही चालेल. वाणिज्यवाल्यांना वेगळी सवलत नाही. त्यांना यंत्रावरचा घसारा काढता येतो, पण घरावर कर्ज किती आहे हे सांगता येत नाही.

वयाची अट कशासाठी? तर 1875 च्या कायद्याने आपल्याकडे माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो, आणि 1903 साली मोहरीबीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ठरवून टाकलं की अज्ञान मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल. म्हणजे वाढदिवसाच्या आदल्या रात्रीपर्यंत तुमच्या सहीची किंमत शून्य. सगळे प्रयोग याच काळात उरकून घ्यावेत, कारण हात भाजला तर कायदा फुंकर घालतो. दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या दुकानात टेबल टाकून बसलेला फायनान्सवाला "या की, बसा" म्हणतो. कालपर्यंत "ए पोरा" म्हणणारा माणूस अचानक अहोजाहो करायला लागला, की आपली सही किमती झाली असं समजावं.

साहित्य

दोनशे पानी वही एक. बॉलपेन एक. बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक. वडिलांच्या शर्टाचा वरचा खिसा (धुण्याआधी). आई ज्या डब्यात पैसे ठेवते तो डबा; कुठला ते विचारू नये, आईला माहीत आहे आणि तेवढं पुरे. आणि शेवटचं, बाजारात न मिळणारं साहित्य म्हणजे मोठी माणसं बोलत असताना तिथून न उठण्याची चिकाटी.

हे शेवटचं सगळ्यात अवघड. आपल्याकडे घरात पैशाचं बोलणं सुरू झालं की लेकरांना उठवतात. "तू अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो." हे वाक्य मायेचं आहे, यात शंका नाही. पण त्याचा परिणाम असा, की लातूरच्या क्लासची फी कुठून आली हे ज्याच्यासाठी ती भरली त्यालाच ठाऊक नसतं. नीटला भौतिकशास्त्रात पैकीच्या पैकी घेणारं पोरगं "तुमची जमीन गहाण आहे का रे?" या प्रश्नाला अनुत्तीर्ण होतं. म्हणून पहिल्या महिन्यात फक्त सराव करावा. रात्री जेवणं झाल्यावर पुस्तक उघडं ठेवून ओसरीवर बसावं. पान उलटत राहावं. कान आतल्या खोलीत.

प्रयोग पहिला: पट्टी

उद्देश: घरात आलेला पैसा आणि घरात राहिलेला पैसा यांतला फरक पाहणे.

यासाठी उदगीरइतकी सोयीची जागा नाही, कारण मोंढा हाकेच्या अंतरावर आहे. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन आणि पुढे तूर घेऊन वडील मोंढ्यात जातात. येताना खिशात चार घड्या घातलेला एक कागद असतो, ती पट्टी. अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तकं बाजूला ठेवा आणि एवढा एक कागद नीट वाचायला शिका. मिळवण्याची कृती अशी:

"पप्पा, सोयाबीनची पट्टी दाखवा की."

"कशाला पाहिजे रे तुला?"

"प्रॅक्टिकल आहे."

"कशाचं?"

"अकाउंटचं."

"तू सायन्सला हाईस ना?"

इथे बहुतेक उमेदवार गळतात. गळू नये. गप्प उभं राहावं. बाप माणूस शेवटी पट्टी देतोच, कारण त्यालाही ती कोणाला तरी दाखवायची असते.

पट्टीवर सगळ्यात वर देवाचं नाव, त्याखाली आडत दुकानाचं. मग मालाचा प्रकार, पोती, वजन, भाव, रक्कम. समजा माल 12 क्विंटल निघाला आणि भाव 4,100 मिळाला. रक्कम 49,200. इथे थांबणाऱ्याला वाटतं, पन्नास हजार आले. खाली वाचा. हमाली आणि तोलाई मिळून समजा 600. त्याखाली एक ओळ, घाईत लिहिलेली: उचल 30,000. ही उचल म्हणजे जूनमधलं खत-बियाणं, जुलैतली तुमची फी, आणि मध्येच आजीला दवाखान्यात नेलं तो दिवस. पिकाच्या आधीच पीक खर्चून झालेलं असतं, आणि त्याचा हिशोब आडत्याच्या वहीत असतो. शेवटची ओळ 18,600.

आता घरात फिरून नोंदी घ्या. वडील सांगतात, "बारा क्विंटल झालं." शेजारचे काका सांगतात, "पन्नास हजाराचा माल गेला यांचा." आई म्हणते, "अठरा हजार आले." तिघंही खरं बोलतात. खातेवहीच्या भाषेत यालाच ढोबळ आणि निव्वळ म्हणतात, आणि वर्गात ते समजावून सांगायला सरांना दोन तासिका लागतात.

आणखी एक बेरीज मागच्या पानावर करून ठेवा. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली होता. 12 क्विंटल हमीभावाने गेलं असतं तर 58,704. फरक 9,504 रुपयांचा. हा आकडा वडिलांना दाखवू नये. त्यांना तो पैशापर्यंत पाठ आहे.

पुरवणी: किल्ल्याखालचा हिशोब

उदगीरच्या पोराला 3 फेब्रुवारी 1760 ही तारीख शाळेत अर्धीच शिकवतात. सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथे हरवलं, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा चालल्या, साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड असे किल्ले तहात मिळाले. टाळ्या. पण तीच तारीख पैशाच्या तासाला घेतली तर पुढचं पान उलटावं लागतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भाऊ दिल्लीत पोहोचले तेव्हा फौजेला द्यायला रोकड नव्हती. शेवटी लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडली. नऊ लाखांच्या आसपास निघाले, आणि एवढ्या मोठ्या फौजेचा जेमतेम महिना निघाला. साठ लाखांचा मुलूख होता, पण तो कागदावर, आणि त्याचा वसूल यायचा तेव्हा येणार. उपाशी घोड्याला सातबारा दाखवून चालत नाही.

"आमची गावाकडं सहा एकर हाय" असं सांगणाऱ्या आणि मेसचे पैसे तीन महिने थकवणाऱ्या मित्राला हा प्रसंग जरूर सांगावा. पानिपत का झालं हा वाद इतिहासकारांना करू द्या. आपण एवढंच लिहून ठेवावं: मालमत्ता वेगळी, हातातली रोकड वेगळी.

प्रयोग दुसरा: शेकडा

उद्देश: तीन हा आकडा अकरापेक्षा मोठा असतो, हे सिद्ध करणे.

गणिताच्या सरांना विचारू नये, ते चिडतात. गावात विचारावं. खाजगी सावकार "तीन रुपये शेकडा" म्हणतो. बँकेचा साहेब "अकरा टक्के" म्हणतो. वर्गातल्या निम्म्या मुलांना सावकार स्वस्त वाटतो, आणि मोठ्या माणसांतल्याही काहींना वाटत आला आहे. गंमत अशी, की बँक वर्षाचं बोलते आणि सावकार महिन्याचं, आणि दोघंही "महिन्याला", "वर्षाला" हा शब्द सांगायचं टाळतात. 50,000 वर अकरा टक्क्यांनी वर्षाचं व्याज 5,500. तीन रुपये शेकड्याने महिन्याला 1,500, म्हणजे वर्षाला 18,000. सरळ छत्तीस टक्के. मुद्दलाला हात न लावता असंच चालू राहिलं तर तेहतीस महिने आणि वर थोडे दिवस झाले की जेवढे घेतले तेवढे व्याजातच गेले. जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता यायचं नाही. नियम करणाऱ्यांना शेकड्याचा स्वभाव ठाऊक असावा.

या बाबतीत आपल्या आजोबा-पणजोबांची पिढी आपल्यापेक्षा हुशार. उदगीर निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होतं तेव्हा इथे दोन रुपये चालायचे: निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. हैदराबाद संस्थान 1948 मध्ये विलीन झाल्यावरही हाली काही वर्षं व्यवहारात राहिला. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस बाजारात उभ्या उभ्या हालीचं कलदार करायचा. त्याच्या पणतूला दहा रुपयांच्या चहाचे तीन कप किती झाले हे मोबाइल सांगतो.

मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपवाल्यांना मात्र शेकडाही पुरत नाही. त्यांचा नमुना असा: 5,000 मंजूर, प्रक्रियेचे म्हणून कापून हातात 3,500, आणि सात दिवसांत 5,000 परत. हातात आलेल्या पैशांवर आठवड्याला सुमारे 43 टक्के! गावातला सावकार यापुढे साधुसंत वाटावा. शिवाय सावकार फक्त तुमच्या दारात येतो. ॲपवाला तुमच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर जातो. त्यात आत्याही आली आणि वर्गशिक्षकही.

उलट बाजूचा नमुना पाहायचा असेल तर आईच्या बचत गटाच्या बैठकीला जावं. जाण्यासाठी कारण लागत नाही, कारण ठराव लिहायला त्यांना "जरा बरं अक्षर" असलेलं पोर हवंच असतं. बारा बाया, महिन्याला प्रत्येकी दोनशे, जमा 2,400. त्यातून कोणाला शेळीला, कोणाला पोराच्या ॲडमिशनला कर्ज, दोन रुपये शेकड्याने. म्हणजे चोवीस टक्के की! मग हे चांगलं कसं? कारण व्याज त्याच पेटीत परत येतं आणि वर्षअखेरीला त्याच बारा जणींत वाटलं जातं. दर विचारावा हे खरंच, पण व्याज कोणाच्या घरी जातं तेही विचारावं. आणि तिथे बसल्यावर एक निरीक्षण आपोआप होईल. "मागच्या बारीला शंभर कमी दिलेव तुम्ही" हे वही न उघडता सांगणारी बाई प्रत्येक गटात एक तरी असते. जिल्ह्याच्या बँकेने तिला तपासणीला बोलवायला हरकत नाही.

प्रयोग तिसरा: खातं

दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं उघडता येतं. अठरा पूर्ण झाल्यावर बँक नव्याने सही आणि कागदपत्रं मागते; ती वेळेत द्यावीत, नाहीतर ऐन प्रवेशाच्या आठवड्यात खातं अडकतं. एवढं सोपं झालं. पुढचं ऐका.

सरकारी शिष्यवृत्ती महाडीबीटीतून येते आणि ती खाते क्रमांकाकडे न बघता आधारकडे बघून येते. तुमचं आधार ज्या खात्याला सगळ्यात शेवटी जोडलं गेलं, पैसे त्या खात्यात. आता होतं काय, की कॉलेजच्या गेटवर कोणीतरी छत्री लावून बसतो. "खातं काढा, शून्य रुपयात, वर बाटली फुकट." पोरगं पाण्याच्या बाटलीसाठी अंगठा देतं. आधार तिकडे जोडलं जातं. सहा महिन्यांनी पोरगं जुनं पासबुक छापून छापून थकतं, कॉलेजच्या क्लार्कवर संशय घेतं, समाजकल्याणला चकरा मारतं, आणि शिष्यवृत्ती बाटलीवाल्या खात्यात निवांत पडलेली असते. कृती: शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याआधी आधार कुठल्या बँकेशी जोडलंय ते तपासावं. बाटली विकत घ्यावी.

खात्याचा दुसरा उपद्रव नवीन आहे. "तुझं खातं वापरायला दे, नुसते पैसे येतील-जातील, महिन्याला पाच हजार तुझे." सांगणारा बहुधा सिनियर असतो आणि त्याच्याकडे नवी गाडी असते. हे येणारे-जाणारे पैसे कोणाच्या तरी फसवणुकीचे असतात. ज्याच्या खात्यातून ते गेले त्याने दुसऱ्या राज्यात तक्रार केलेली असते, आणि तक्रारीचा माग काढत पोलीस ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या घरी येतात. गाडीवाला सिनियर तोपर्यंत नंबर बदलून मोकळा. खोली भाड्याने द्यावी, ट्रॅक्टर भाड्याने द्यावा, खातं देऊ नये. आणि उलट्या बाजूने आपण फसलो तर रडत बसण्याआधी 1930 वर फोन करावा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात. जाता जाता: पैसे घ्यायला पिन लागत नाही. "पिन टाका, पैसे येतील" म्हणणाऱ्याचा फोन लगेच ठेवावा, शिवी मनात द्यावी.

ठेव कुठे ठेवायची, याबद्दल मराठवाड्याला कोणी शिकवायची गरज राहिलेली नाही. 2023 मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टीस्टेटच्या शाखांपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या, तेव्हा बँक, पतसंस्था आणि मल्टीस्टेट यांतला फरक कित्येकांना पहिल्यांदा कळला. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका ठेवीदाराला एका बँकेमागे मुद्दल-व्याज धरून 5 लाखांपर्यंत देतं (4 फेब्रुवारी 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाख होती). पतसंस्थेला आणि मल्टीस्टेट पतसंस्थेला हे छत्र नाही. बाहेर काच तीच, एसी तोच, सोफाही तोच. दोन टक्के जास्त का देतात, एवढंच काउंटरवर विचारावं.

प्रयोग चौथा: सही

हा प्रयोग प्रत्यक्ष करू नये, फक्त पाहावा.

"काही नाही रे, फक्त सही लागती. जामीनदार म्हणून."

"मला काय भरावं लागतं का?"

"तुला कशाला भरावं लागतंय? मी हाय ना."

भारतीय करार कायदा 1872, कलम 128: वेगळं काही लिहून ठेवलेलं नसेल तर मूळ कर्जदाराची जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदाराची. पुरी तेवढीच. बँकेला वाटलं तर ती आधी तुमच्याकडेही येऊ शकते, कारण तुम्ही सापडता. "मी हाय ना" म्हणणारा तेव्हा पुण्याला असतो. घरात असा एखादा काका निघतोच, ज्याच्या पगारातून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचा हप्ता गेला. त्याला शोधून, चहा पाजून, सगळी हकीकत विचारावी. तो सांगेल. त्याला वर्षानुवर्षं कोणी विचारलेलं नसतं.

वही

रोजचा खर्च लिहावा, हे सगळेच सांगतात. कसा लिहू नये ते कोणी सांगत नाही. खोली, मेस, झेरॉक्स, रिचार्ज एवढ्या ओळी लिहून झाल्या की पोरं एक रकाना पाडतात: किरकोळ. महिनाअखेरीला किरकोळ सगळ्यांना मागे टाकून पहिला येतो. तेव्हा नियम एकच: वहीत किरकोळ हा शब्द लिहायचा नाही. चहा लिहा, वडापाव लिहा, मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक लिहा, गेममधली बंदूक लिहा. वही आईच्या हाती लागेल ही भीती असेल तर खर्च बदला, अक्षर बदलू नका.

उरलेल्या पैशात पोस्टात महिन्याला शंभर रुपयांची आवर्ती ठेव होते, पाच वर्षांची. रक्कम बघून मित्र हसतात. हसू द्या.

तोंडी परीक्षा

बहिःस्थ परीक्षक: मामा. विमा एजंट आहेत, रविवारी येतात, येताना केळी आणतात. परीक्षा उमेदवाराच्या नकळत सुरू होते.

"भाच्चा आता अठराचा झाला म्हणायचं. एक पॉलिसी काढून टाकू. बचत होती, विमा होतो, पैसा डबल."

उमेदवाराने केळं सोलत, आवाज न चढवता विचारावं:

"मामा, हप्ता किती वर्षं भरायचा?"

"वीस वर्षं. कळत बी नाही कसे जातात."

"मी मेलो तर किती?"

(इथे आई आतून ओरडते. उमेदवाराने विचलित होऊ नये.)

"तीन लाख."

"जगलो तर किती?"

"ते बोनसवर असतं."

"आणि तिसऱ्या वर्षी भरायला जमलं नाही तर, भरलेल्यातले किती परत?"

"असं कसं जमणार नाही? शुभ बोल."

"तेवढ्याच हप्त्यात नुसता विमा घेतला, बचत वेगळी पोस्टात ठेवली, तर विमा किती लाखांचा येतो?"

मामा केळं खाली ठेवतात. चष्मा पुसतात. फॉर्म घडी करून बॅगेत सरकवतात आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणतात, "अक्का, पोरगं हातचं गेलं तुझं."

गुण वीसपैकी अठरा. दोन कापले, कारण मामांना चहा विचारायचा राहिला.